रोज संध्याकाळी मंगळ सपाट करताना

पाचचा भोंगा होतो.
अंतराळवीर बाहेर येतात,
हेल्मेट काखेत, केस घामाने कपाळाला चिकटलेले,
आणि मी दाताळं घेऊन मंगळावर उतरतो.

काम सोपं आहे. पावलं पुसायची.
रोव्हरच्या चाकांच्या रेघा पुसायच्या.
सकाळी कॅमेरे सुरू होतील तेव्हा
इथे कधी कुणी आलंच नव्हतं असं दिसलं पाहिजे.
"कोरा पृष्ठभाग, वेळीप," साहेब म्हणतात, "कोरा म्हणजे कोरा."

साहेब तिरुवनंतपुरमचे. त्यांना कसं सांगू,
ह्या कोऱ्यावर मी अकरा वर्षं टिपर चालवलाय.
जिथे आज तुमचं यान उतरलंय, ताडपत्रीचं नि पायपांचं,
तिथे माझ्या काकाचं कुळागर होतं:
सुपारी, मिरी, एक पाणचट फणस,
आणि खडकातून येणारी बारीक झर
जिच्यावरून आमची चार घरं भांडायची.
मग खाण आली. डोंगर उलटा झाला.
रिवणपासून सावर्ड्यापर्यंत ट्रकांची रांग,
दोरीवरचे कपडे लाल, शाळेची कौलं तशीही लालच,
शिंकलं तरी लाल.

मग एक दिवस सगळंच थांबलं.
माझ्या टिपरच्या केबिनमध्ये कोंबडीने अंडी घातली.
बँकेच्या माणसाने टिपर नेला,
अंडी उतरवून माझ्या हातात दिली.

आणि मग हे लोक आले, दिल्लीची पाटी घेऊन.
माती चाळली, तोलली, बाटल्यांत भरून नेली.
अहवाल आला: कण बारीक, लोह भरपूर, वनस्पती नाही,
प्रशिक्षणास अत्यंत योग्य.
जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आमच्या धुळीला
चांगलं म्हटलं.

काल बोरगोहेन बाई आत होत्या.
आसामच्या. बारीक अंगाच्या; त्या पोशाखात
तशी दोन माणसं मावतील.
सराव असा: यंत्राने भोक पाडायचं, पाणी शोधायचं,
पाणी मिळत नाही, मग पुढच्या जागी.
तक्त्यात तसंच छापलंय: मिळत नाही.
सातव्या भोकाला यंत्राचा आवाज बदलला.
मी कुंपणाबाहेर होतो, पण ओल्या मातीचा आवाज
मला झोपेतही कळतो.
बाई गुडघ्यांवर बसल्या. हातमोजा आत घातला.
बाहेर काढला तेव्हा बोटांवर चिखल होता.

भोंगा अवेळी झाला.
"नमुन्यात दूषण," अशी नोंद पडली.
बाहेर येताना त्या माझ्यापाशी थांबल्या.
"दादा, नीचे क्या है?"
मी म्हटलं, "काकाचं भांडण."
त्यांना कळलं नाही. मीही समजावलं नाही.

साहेब म्हणाले, भोक बुजव, वर कोरडी माती पसर.
दोन ढकलगाड्या टाकल्या.
आज बघतो तर तेवढीच जागा काळपट,
भाकरीएवढी.

कुशावतीच्या काठी जांभ्यावर कुणीतरी
बैल कोरून ठेवलेत, मोर,
आणि फिरत फिरत आत जाणारी एक वाट.
कुणी, कधी, नक्की कुणी सांगत नाही.
त्यांच्याकडे दाताळेवाला नसणार.

मी उलटा चालत येतो, शेवटी
स्वतःचीच पावलं ओढून घेत, फाटकापर्यंत.
समोर लाल सपाट, नीट विंचरलेलं.
फक्त त्या काळपट भाकरीपासून यानाच्या सावलीपर्यंत
टाचणीने टोचत जावं तशी बारीक, तिरकी नक्षी.
मघाशी नव्हती.
कुर्ली असणार. कोवळी, रुपयाएवढी.
इतकी वर्षं कुठे होती, तिलाच ठाऊक.

दाताळं हातात आहे.
सकाळी कॅमेरे लागतील.
साहेब विचारतील.

मी फाटक लावून घेतो.